नमस्कार करताना पाय पाहावेत

सप्टेंबर महिन्याचा तिसरा सोमवार हा जपानमध्ये राष्ट्रीय सुट्टीचा दिवस असतो. ‘केइरो नो हि’ हे त्याचे नाव. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘वृद्धजन आदर दिन’. त्या दिवशी मुले-नातवंडे आजी-आजोबांच्या भेटीला जातात, गावोगावच्या सभागृहांत ज्येष्ठांसाठी भोजन आणि करमणुकीचे कार्यक्रम होतात. देशात शंभरी ओलांडलेले किती जण आहेत, याची नवी संख्याही त्याच सुमारास सरकार जाहीर करते. त्यानंतर सुमारे पंधरवड्याने, १ ऑक्टोबरला, जगभर ज्येष्ठ नागरिक दिन येतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९९० रोजी तो ठरवला आणि १९९१ पासून तो पाळला जाऊ लागला. आपल्याकडेही त्या दिवशी सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, आरोग्य शिबिरे भरतात.

असे दिवस कुठून आले, ते पाळताना काय साधते आणि काय हातून निसटते, याचा विचार आज करू. विषय सणांचा असला तरी त्याचा आरोग्याशी संबंध फार जवळचा आहे, हे लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

एका खेड्यातील मेजवानी

जपानमधील या दिवसाचा उगम कोणत्याही राजाज्ञेत किंवा धर्मग्रंथात नाही. तो एका खेड्यात आहे. ह्योगो प्रांतात नोमादानी नावाचे गाव होते. १९४७ साली, महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली असताना, तेथील तरुण गावप्रमुख मासाओ कादोवाकी यांनी गावातील वडीलधाऱ्यांना एकत्र बोलावले, त्यांना जेवू घातले आणि त्यांची करमणूक केली. अनेकांची मुले युद्धावर गेली होती. कित्येक परतली नव्हती. देश हरलेला, घरे रिकामी आणि मने थकलेली. अशा वेळी वृद्धांचा सन्मान करणे हा हेतू होताच, पण त्याच्या जोडीला दुसराही हेतू होता: गाव पुन्हा उभे करायचे तर वृद्धांचे शहाणपण उसने घ्यायचे.

यासाठी १५ सप्टेंबर हा दिवस निवडण्यामागे व्यवहार होता. त्या सुमारास शेतीच्या कामात थोडी उसंत असते आणि हवाही सुखद असते. निमंत्रण कोणाला होते, हे वाचले तर आज हसू येईल. ५५ वर्षांपुढील सर्वांना! परंतु १९४७ मध्ये जपानमधील सरासरी आयुर्मान पुरुषांचे सुमारे ५० आणि स्त्रियांचे सुमारे ५४ वर्षे होते. पंचावन्न म्हणजे खरोखरच वार्धक्य होते.

पुढच्याच वर्षी जपानमध्ये राष्ट्रीय सुट्ट्यांचा कायदा झाला. त्यात मुलांसाठी एक दिवस होता, नव्याने सज्ञान झालेल्या तरुणांसाठी एक दिवस होता. वृद्धांसाठी मात्र काहीच नव्हते. ही उणीव कादोवाकी यांना खटकली. त्यांनी आपल्या गावात १५ सप्टेंबर हा ‘वृद्धांचा दिवस’ म्हणून जाहीर केला आणि इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. १९५० साली संपूर्ण ह्योगो प्रांताने तो स्वीकारला, १९५१ पासून तो देशभर पसरला, १९६३ च्या वृद्धकल्याण कायद्याने त्याला कायद्याचा आधार मिळाला आणि १९६६ मध्ये तो राष्ट्रीय सुट्टीचा दिवस झाला. २००३ पासून सलग सुट्टीच्या सोयीसाठी तो तिसऱ्या सोमवारी नेण्यात आला.

या इतिहासातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नोमादानीच्या मेजवानीला दोन बाजू होत्या. एक आदराची आणि दुसरी मागण्याची. आदर करणे सोपे असते. आपल्याहून थकलेल्या माणसाकडे काही मागणे, त्याची आपल्याला गरज आहे हे त्याला जाणवू देणे, हे अवघड असते. जगभर हे दिवस जसजसे पसरले तसतशी पहिली बाजू वाढत गेली आणि दुसरी मागे पडली.

चांदीचा पेला आणि रिकामे अंथरूण

१९६३ पासून जपान सरकार वयाची शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पंतप्रधानांचे अभिनंदनपत्र आणि साके पिण्याचा चांदीचा छोटा पेला भेट देऊ लागले. त्या वर्षी देशात शतायुषी होते अवघे १५३. १९९८ मध्ये ही संख्या दहा हजारांवर गेली आणि २०२५ मध्ये ९९ हजारांच्या पुढे पोहोचली. त्यांत सुमारे ८८ टक्के स्त्रिया आहेत. पेल्यांचा खर्च इतका वाढला की आधी त्यांचा आकार लहान करावा लागला आणि २०१६ पासून शुद्ध चांदीऐवजी चांदीचा मुलामा दिलेले पेले देण्यात येऊ लागले. वैद्यकशास्त्र, स्वच्छता, आहार आणि रक्तदाबावरील नियंत्रण यांच्या यशाची ही कथा आहे आणि ती आनंदाने सांगावी अशीच आहे.

पण तिला दुसरी बाजूही आहे. २०१० च्या जुलै महिन्यात टोकियोच्या आदाची भागात नोंदींनुसार १११ वर्षांचे, म्हणजे त्या महानगरातील सर्वांत वृद्ध पुरुष समजले जाणारे एक गृहस्थ राहत होते. वृद्धजन आदर दिनाच्या आधी त्यांची भेट घ्यावी, अभिनंदन करावे, म्हणून अधिकारी त्यांच्या घरी जात. घरची मंडळी काही ना काही कारण सांगून त्यांना परत पाठवीत. अखेर पोलिसांनी आत प्रवेश केला, तेव्हा खोलीत अंथरुणावर त्यांचा वाळून गेलेला देह आढळला. त्यांचा मृत्यू सुमारे तीस वर्षांपूर्वीच झाला होता. या काळात त्यांच्या नावे निवृत्तिवेतनाची रक्कम जमा होत राहिली होती.

देश हादरला आणि जुन्या नोंदवह्यांची तपासणी सुरू झाली. कौटुंबिक नोंदींत जिवंत दाखवलेल्या, शंभरी ओलांडलेल्या सुमारे २ लाख ३४ हजार व्यक्तींचा ठावठिकाणाच लागला नाही. त्यांपैकी पुष्कळ जण युद्धात किंवा परदेशी मरण पावलेले, केवळ कागदावर उरलेले होते. फसवणुकीचे प्रकार त्या मानाने थोडेच. तरीही प्रश्न उरलाच. वृद्धांच्या सन्मानासाठी राष्ट्रीय सुट्टी असलेल्या देशात, वर्षानुवर्षे कोणी त्या माणसाला डोळ्यांनी पाहिलेच कसे नाही?

ही घटना जपानची निंदा करण्यासाठी सांगितलेली नाही. आपल्याकडेही मोठ्या शहरांतील सदनिकांत, आणि मुले कामासाठी दूर गेल्यावर खेड्यांतील वाड्यांत, एकटी राहणारी वृद्ध माणसे कमी नाहीत. ‘फोन रोज होतो’ हे वाक्य मला दवाखान्यात वारंवार ऐकू येते. फोन हवाच, परंतु फोनवर आवाज ऐकू येतो, माणूस दिसत नाही.

भेटीचा कायदा

आता जपानशेजारच्या चीनकडे वळू. तेथे चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यातील नवव्या दिवशी ‘छोंगयांग’ नावाचा फार प्राचीन सण असतो. चिनी भाषेत ‘नऊ’ आणि ‘दीर्घकाळ’ या शब्दांचा उच्चार सारखाच आहे. त्यामुळे दोन नवांचा हा दिवस दीर्घायुष्याशी जोडला गेला. त्या दिवशी लोक टेकडी चढतात, शेवंतीच्या फुलांचा आस्वाद घेतात, शेवंती घालून केलेले मद्य पितात. १९८९ मध्ये या प्राचीन सणाला ज्येष्ठांच्या दिनाचे रूप देण्यात आले आणि १ जुलै २०१३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने तो अधिकृत वृद्ध दिन ठरला.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. ज्येष्ठांपासून वेगळे राहणाऱ्या कुटुंबीयांनी त्यांना वरचेवर भेटावे किंवा त्यांची विचारपूस करावी, असे ते कलम सांगते. कायदा लागू झाला त्याच दिवशी वूशी शहरातील न्यायालयाने ७७ वर्षांच्या एका मातेच्या दाव्यात तिच्या मुलीला निदान दोन महिन्यांतून एकदा आईला भेटण्याचा आदेश दिला.

आपल्याकडे २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे. त्यानुसार न्यायाधिकरणाकडे दाद मागून निर्वाहखर्च मिळवता येतो. गरजू ज्येष्ठांसाठी हा फार मोठा आधार आहे. परंतु न्यायालय भेट घडवू शकले तरी भेटीतील लक्ष घडवू शकत नाही. ते घरातूनच यावे लागते.

साठीचे चक्र, हजार चंद्र

आदराच्या बाबतीत आपली परंपराही कमी समृद्ध नाही. जपान, चीन आणि आपण यांच्यात एक सुंदर साम्य आढळते. चिनी कालगणनेत दहा आणि बारा चिन्हांची जोडी जुळत जाऊन साठ वर्षांचे एक चक्र पूर्ण होते. म्हणून जपानमध्ये साठावा वाढदिवस ‘कानरेकी’ म्हणून विशेष मानतात. माणूस आपल्या जन्मवर्षाच्या चिन्हापाशी परत येतो, जणू पुन्हा बाळ होतो. म्हणून त्याला बाळाच्या कपड्यासारखे तांबडे बिनबाह्यांचे जाकीट घालतात. आपल्याकडेही प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरे आहेत. साठी पूर्ण झाली की जन्माच्या वेळचे संवत्सर पुन्हा येते आणि आपण षष्ट्यब्दीपूर्ती साजरी करतो.

अठ्ठ्याऐंशीव्या वर्षाला जपानमध्ये ‘बेइजू’ म्हणतात, कारण तांदळाच्या चिनी अक्षराचे तुकडे केले तर ‘आठ-दहा-आठ’ असे अठ्ठ्याऐंशी दिसतात. नव्व्याण्णवावे वर्ष म्हणजे ‘हाकुजू’. ‘शंभर’ या अक्षरातून वरची एक रेघ काढली की उरते ते ‘पांढरे’ हे अक्षर. आपल्या सहस्रचंद्रदर्शनातही असाच हिशेब दडलेला आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक काळ जातो. अशा हजार पौर्णिमा होण्यास ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात. म्हणून एक्याऐंशीव्या वर्षी हा सोहळा करतात. आकाशातील चंद्र मोजून माणसाचे वय सांगणारी ही कल्पना कोणालाही मोहविणारी आहे.

एका सहस्रचंद्रदर्शनानंतरची गोष्ट सांगतो. सोहळा झाल्यावर दोन दिवसांनी त्या आजींना घेऊन त्यांचा मुलगा दवाखान्यात आला. थकवा वाटतो, धाप लागते, अशी तक्रार होती. पायांवर बोटाने दाबले तर खळगा पडत होता. सूज कधीपासून आहे, असे विचारता आजी म्हणाल्या, ‘‘महिना तरी झाला असेल.’’ सोहळ्याला दीडशे-दोनशे मंडळी होती आणि बहुतेक सर्वांनी वाकून नमस्कार केला होता. इतकी माणसे त्या पावलांपर्यंत पोहोचली, पण पावलांवरची सूज कोणाला दिसली नाही. हृदयाच्या कार्यात दोष आढळला, औषधे सुरू झाली आणि आजींना बरे वाटले. त्या दिवसापासून मी नातेवाइकांना एक साधी गोष्ट सांगतो: नमस्कार करताना पाय पाहावेत.

पाय काय सांगतात

दोन्ही पावलांवर किंवा घोट्यांवर सूज असेल, तर नडगीवर अंगठ्याने पाच-दहा सेकंद दाबून पाहावे. खळगा पडून तो हळूहळू भरत असेल, तर हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तातील प्रथिनांची कमतरता यांचा विचार करावा लागतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही सूज येते. अनेक तास पाय खाली सोडून बसल्यानेही येते. त्यामुळे सूज दिसताच घाबरू नये, पण ती अंगावरही काढू नये आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. एकच पाय सुजून दुखत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. त्यासोबत अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर थेट रुग्णालय गाठावे.

मधुमेह असेल तर बोटांच्या बेचक्या, टाचा आणि तळवे उजेडात पाहावेत. मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही. रुग्णाला दुखत नाही म्हणून जखम लहान आहे, असे मुळीच समजू नये. पावले गार, निळसर किंवा काळपट वाटत असतील, तर रक्तपुरवठा कमी पडत असेल. नखे फार वाढलेली, आत वळलेली दिसली तर त्याचा साधा अर्थ असा की, त्या व्यक्तीला वाकता येत नाही किंवा नीट दिसत नाही, आणि तसे सांगायला संकोच वाटतो. शेजारी काढून ठेवलेल्या चपलाही पाहाव्यात. सोल झिजलेला, पट्टा सैल झालेला असेल तर पडण्याचा धोका वाढतो. उतारवयात घरातल्या घरात पडून खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे आयुष्यच बदलून जाते.

पायांवरून नजर हळूहळू वर न्यावी. मनगटातील बांगड्या किंवा घड्याळ सैल झाले आहे का? काहीही प्रयत्न न करता सहा महिन्यांत किंवा वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले असेल, म्हणजे साठ किलोचे सत्तावन्नच्या खाली आले असेल, तर तपासणी आवश्यक ठरते. खुर्चीतून उठताना हातांचा आधार किती घ्यावा लागतो? खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जावे, वळून परत यावे आणि बसावे. याला बारा सेकंद किंवा अधिक वेळ लागत असेल, तर पडण्याची भीती अधिक असते. औषधांचा डबा उघडून पाहावा. गोळ्या उरायला हव्या होत्या त्याहून फार जास्त किंवा फार कमी आहेत का? एकच औषध दोन वेगळ्या नावांनी तर घेतले जात नाही ना? बोलताना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो का, की ऐकू येत नसल्यामुळे माणूस नुसता हसून मान डोलावतो? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेला असेल, तर ते ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

या साऱ्या निरीक्षणाला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. अर्धा तास शेजारी बसावे लागते, एवढेच.

सोहळ्याच्या दिवशी

सत्कारमूर्तीचे हाल होणार नाहीत, अशी व्यवस्था सोहळ्यातच असावी. पूजेसाठी उपवास करायचा असेल, तर मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन यांचे काय करायचे, हे आदल्या दिवशीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. उपाशीपोटी नेहमीची मात्रा घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलणे असंबद्ध होणे ही तिची चिन्हे. पाटाऐवजी खुर्ची असावी. दम्याचा त्रास असेल, तर होमाच्या धुरापासून आसन दूर असावे. एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कार्यक्रमाच्या मधेच लघवीसाठी उठावे लागू नये, म्हणून अनेक वृद्ध मंडळी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. परिणामी चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता. घरातील एका व्यक्तीकडे त्या दिवशी एवढेच काम द्यावे की, दर तासाला पाणी विचारायचे आणि उठवून आत घेऊन जायचे.

खाण्याच्या बाबतीतही जपानकडून धडा घेण्यासारखा आहे. तेथे नववर्षाला ‘मोची’ नावाचे चिकट तांदळाचे गोळे खाण्याची प्रथा आहे. ते घशात अडकून दरवर्षी काही वृद्ध दगावतात, म्हणून टोकियोचे अग्निशमन दल नववर्षाच्या तोंडावर सूचना देते: तुकडे लहान करा, सावकाश चावा, एकट्याने खाऊ नका. आपल्या सणांतही चिकट, कोरडे किंवा घट्ट पदार्थ असतातच. दात नसतील, कवळी सैल असेल, पक्षाघात किंवा कंपवात असेल तर घास लहान असावा, ताठ बसून खावे आणि तोंडात घास असताना बोलते करू नये. पोळी दुधात कुस्करून, लाडू फोडून द्यावा.

तरीही घास अडकलाच, आणि व्यक्ती खोकू शकत असेल, तर तिला जोराने खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच वेळा जोरात थापटावे. उपयोग न झाल्यास मागे उभे राहून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत आणि वरच्या दिशेने पाच वेळा दाब द्यावा. घास निघेपर्यंत हे दोन्ही आलटून पालटून करावे. दुसऱ्या कोणाला तरी लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला सांगावे. शुद्ध हरपल्यास जमिनीवर आडवे निजवून छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी.

मागणे हाही आदर

आता नोमादानीच्या मेजवानीची ती मागे पडलेली दुसरी बाजू. जपानी भाषेत ‘इकिगाई’ असा एक शब्द आहे. जगावेसे वाटण्याचे कारण, असा त्याचा अर्थ. जपानमधील ओसाकी परिसरातील ४३ हजारांहून अधिक प्रौढ व वृद्ध व्यक्तींना ‘तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का?’ असे विचारून संशोधकांनी सात वर्षे त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेतला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ‘आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक होते, विशेषतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी. यावरून ‘कारण मिळाले की आयुष्य वाढते’ असे सरळ सिद्ध होत नाही. आजारी माणसाचा जगण्यातला रस आधीच कमी झालेला असू शकतो. पण कोणाला तरी आपली गरज आहे, ही भावना माणसाला सकाळी अंथरुणातून उठवते. जो उठतो तो चालतो, दोन घास अधिक खातो, वेळेवर गोळी घेतो. दवाखान्यातला माझा अनुभवही हेच सांगतो.

म्हणून घरातील ज्येष्ठांकडे काहीतरी मागावे, आणि ते खरोखर हवे असलेले मागावे. देवघरातील फुले निवडणे, भाजी निवडून देणे, नातवाचे पाढे घेणे, कुळाचार लिहून ठेवणे, जुन्या छायाचित्रांमागे नावे लिहिणे, शेताच्या बांधाचा इतिहास सांगणे, लोणच्याच्या मिठाचे प्रमाण सांगणे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडेही सल्ला मागता येतो. ‘तुम्ही बसा, तुम्हाला काही करायला नको,’ हे वाक्य प्रेमाचे असते. पण रोज रोज ऐकले तर त्यातून ‘तुमचा आता उपयोग नाही’ असाच अर्थ कानावर पडतो. काम सावकाश होईल, कदाचित चुकेल, चुकू द्यावे.

आणखी एक गोष्ट विचारायला हवी, आणि ती विचारताना जीभ अडखळते. जपानमध्ये आदर दिनानंतर काही दिवसांतच शरद संपाताची सुट्टी येते. ती पूर्वजांच्या स्मरणासाठी असते. आपल्याकडे पितृपक्षही याच सुमारास येतो. गेलेल्यांच्या आवडीचा पदार्थ आपण आठवणीने पानात वाढतो. हयात असलेल्यांची इच्छा मात्र आपण किती वेळा विचारतो? आजार बळावला आणि बोलता येईनासे झाले, तर कृत्रिम श्वासयंत्र, अतिदक्षता विभाग, नळीने अन्न यांबाबत त्यांचे मत काय? निर्णय कोणी घ्यावा? बरे होण्याची आशा नसताना जीवरक्षक उपचार नकोत, अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर हे करता येते. हा विषय शांत वेळी, घरातील सर्वांच्या उपस्थितीत काढावा. रुग्णालयाच्या दारात उभे राहून भावंडांनी वाद घालण्यापेक्षा ते कितीतरी बरे. अनेक वृद्धांना असे कोणी विचारले की हायसे वाटते. त्यांच्या मनात उत्तर केव्हाच तयार असते.

ज्येष्ठ वाचकांना दोन शब्द

हे सारे तरुणांवरच सोपवून चालणार नाही. पायावरची सूज, रात्रीचा खोकला, लघवीवरचा ताबा सुटणे, अंधारी येणे या गोष्टी मुलांना त्रास नको म्हणून लपवू नयेत. लहान असताना सांगितलेला त्रास लहान खर्चात बरा होतो. लपवलेला त्रास एक दिवस अर्ध्या रात्री सर्वांना रुग्णालयात नेतो. घरात बोलण्यासारखे कोणी नसेल, किंवा दुर्लक्ष वा छळ होत असेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर निःसंकोच फोन करावा. शुश्रूषा करणाऱ्या लेकी-सुनांनी आणि मुलांनीही स्वतःच्या झोपेकडे आणि पाठदुखीकडे दुर्लक्ष करू नये. थकलेल्या हातांनी केलेली सेवा फार काळ टिकत नाही.

येत्या १ ऑक्टोबरला शाल अवश्य द्यावी, श्रीफळही द्यावे. पण त्याआधी खुर्ची जवळ ओढावी, दिवा लावावा, पायमोजे काढून पावले नीट पाहावीत, नखे वाढली असतील तर कापून द्यावीत. ते करता करता एखादी अडचण मनापासून सांगावी आणि विचारावे, ‘‘तुम्ही असता तर काय केले असते?’’